पंचांगात नसलेलं ग्रहण

११ मे २०२४, शनिवार. सकाळचं काम: रायवळ आंब्याचा रस चाळणीतून गाळणे आणि साठं घालणे. शहरात ज्याला आंबापोळी म्हणतात, तीच ही साठं.

रायवळाचं एक असतं, तो वाट बघत नाही. हापूस पेटीत घालून ठेवता येतो, कुणाला पाठवता येतो. रायवळ रात्री झाडाखाली पडतो आणि दुसऱ्या दिवशी आंबतो. त्यामुळे पडला की त्याच दिवशी पिळायचा. ताटांना तुपाचा हात फिरवायचा, रस पातळ पसरायचा, ताटं घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, खाटेवर मांडायची आणि वर जुन्या साडीचा तुकडा ताणून बांधायचा. कावळ्यांसाठी शेजारी एक काठी रोवून तिला काळी पिशवी अडकवायची. मंगळवारी मत दिल्याची शाई माझ्या बोटावर अजून होती आणि तिच्याभोवती आता पिवळी किनार चढली होती. रस हाताला लागला की चार दिवस जात नाही.

आमची दोन घरं एकाच खळ्याला लागून आहेत. एकात मी आणि नवरा, दुसऱ्यात माझी थोरली जाऊ. दीर बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. त्यांची मुलगी ठाण्याला बँकेत आहे. ती सातव्या महिन्यात माहेरी आली होती आणि जावेनं तिच्यासाठी मागची स्लॅबची खोली रंगवून घेतली होती. खोलीला स्वतंत्र न्हाणीघर आहे, खाट नवीन आहे, भिंती पोपटी आहेत. पोपटी कुणी निवडला ते मी विचारलं नाही.

ही तिची दुसरी वेळ. पहिल्या वेळी चौथ्या महिन्यात गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, उपचार झाले होते आणि या वेळी सगळं ठीक होतं. पण त्या पहिल्या वेळेनंतर एका हळदीकुंकवात कुणीतरी जावेला ऐकवलं होतं, की पोरीनं ग्रहणात विळी हातात घेतली असेल. जावेनं ते मला एकदाच सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. तेव्हापासून ती कुठलीच गोष्ट नशिबावर सोडत नव्हती. पोरगी सुखरूप बाळंत व्हावी, एवढी एकच गोष्ट त्या वर्षी त्या घरात होती. बाकी सगळं, भातबी, विहिरीचा पंप, दिरांच्या सुट्टीची तारीख, तिच्या मागे.

दुपारी ताटांची दुसरी खेप घेऊन मी खळ्यात आले आणि बघते तर पहिल्या खेपेतल्या प्रत्येक ताटात मधोमध एकेक तुळशीचं पान. साडीचा तुकडा उचलून कुणीतरी ते अगदी देवाला वाहावं तसं ठेवलं होतं. रस तोवर धरायला लागला होता आणि पानं त्यात रुतली होती.

जाऊ माझ्याच घरातून बाहेर आली. ओंजळीत आणखी पानं होती. माझ्या लोणच्याच्या बरण्या आणि पाण्याची कळशी उरकून आली होती ती.

"वहिनी, हे काय?"

"ग्रहण आहे गो."

मी म्हटलं, आज चतुर्थी. ग्रहण अमावास्येला लागतं, नाहीतर पौर्णिमेला. चतुर्थीला कधी लागलेलं ऐकलंय का?

"तेच ना. पंचांगात नाही असलं आहे हे," ती म्हणाली. "म्हणूनच जास्त वाईट."

मग तिनं सांगितलं ते असं. सकाळी टीव्हीवर दाखवलं, की सूर्यावर मोठं वादळ झालंय, ते काल रात्री पृथ्वीवर येऊन आदळलं आणि वरच्या वातावरणाचं तापमान शेकडो अंशांनी वाढतंय. लाल-गुलाबी आकाशाची चित्रंही दाखवली. बातमी खोटी नव्हती. ती मीही वाचली होती, फक्त वाचून रस गाळायला बसले होते. जावेनं मात्र त्यातून जे घ्यायचं ते घेतलं: सूर्याला काहीतरी झालंय, ते आपल्यावर येतंय आणि आपल्या घरात दोन जिवांची बाई आहे. आमच्याकडे अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे, नवीन विचार करावा लागत नाही.

माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं की मला पटलेलं नाही. तिनं कावळ्यांच्या काठीकडे बोट दाखवलं. "तुझ्या काठीची सावली बघ. आहे कुठे?"

खरंच नव्हती. साडेबारा वाजून गेले होते आणि काठी उन्हात बिनसावलीची उभी होती. आता हे दर वर्षी होतं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास रत्नागिरीत सूर्य भर माथ्यावर येतो आणि मध्यान्हीला उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. मी शाळेत विज्ञान शिकवते, मुलांना हे सांगते, पण ते होतं तेव्हा शाळेला सुट्टी असते म्हणून दाखवता कधी येत नाही. जावेनं सासरी आल्यापासून इतके मे महिने या खळ्यात काढले, तिला काठीची सावली बघायचं कारण आजच पडलं होतं. मी समजावायला लागले तर ती म्हणाली, तुझं शाळेतलं शाळेत ठेव, आणि पानं घेऊन निघाली.

"पोरगी कुठे आहे?" मी मागून विचारलं.

"आत. दार लावून घेतलंय. खिडक्यांना गोधड्या बांधल्यात."

नवरा पडवीत बसून फणसाचे गरे सोडवत होता. हाताला तेल, पायाशी परात. तो म्हणाला, "तू मधे पडू नकोस. एक दिवसाचं आहे, सुटेल."

एक दिवसाचं आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मी पानं काढायला बसले. प्रत्येक पानाचा ठसा रसावर राहिला. शिरा सुद्धा नीट उमटल्या होत्या. दिसायला वाईट नव्हतं, पण साठं सारखी वाळायला हवीत, म्हणून पुन्हा पळीनं सपाट केली.

जेवणं झाली आणि लाईट गेली. मे महिन्यात दुपारी लाईट जाणं ही काही बातमी नाही. आम्ही पडवीत चटया टाकतो, खाडीकडचं वारं येतं, तेवढ्यावर निभतं. पण मला ती खोली आठवली. स्लॅब सकाळपासून तापलेला, पंखा बंद, खिडक्यांना गोधड्या. मी उठले आणि गेले.

जाऊ दाराबाहेर पाट घेऊन जपमाळ ओढत बसली होती. मला अडवणार होती, पण मी हातपंखा घेऊन आलेय म्हटल्यावर सरकली. आत पाऊल टाकलं तर भट्टी. अंधारात पोरगी खाटेवर सरळ पडून होती, दोन्ही हात अंगालगत, पाय ताठ. ग्रहणात गर्भारणीनं अंग मुडपायचं नसतं, मुडपलं की मुलाचं अंग वाकडं होतं म्हणतात. सातव्या महिन्यात उताणं ताठ पडून राहणं म्हणजे काय, ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मॅक्सी भिजून अंगाला चिकटली होती. उशी भिजली होती. मी कपाळाला हात लावला तेव्हा तिनं डोळे उघडले.

"डोकं गरगरतंय काकी."

"मग ऊठ. आधी कुशीवर हो. बाहेर चल."

ती कुशीवर वळली, पण उठली नाही. मला वाटलं होतं, आईचा हट्ट म्हणून ही पडून आहे, माझा हात धरून लगेच येईल. बँकेत मोठ्या हुद्द्यावरची मुलगी, रोज फोनवर सगळं वाचणारी. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मागच्या वेळी मी कुठलंच ग्रहण पाळलं नव्हतं."

"मागच्या वेळी डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं. त्यात आकाशाचा काही संबंध नव्हता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तरी."

मी तिला वारा घातला, पाणी पाजलं, पाण्यातलं तुळशीचं पान तिच्या ओठांना लागलं ते बाजूला केलं आणि घरी गेले. आंब्याचा रस डबाबंद करताना पाण्याचं तापमान बघायला मी एक काचेचा तापमापक ठेवते, लांब दांड्याचा. तो घेतला. आधी पडवीत खुंटीला टांगला, पारा स्थिर होऊ दिला, आकडा बघितला. मग तो घेऊन जावेच्या घरात गेले, तिच्यादेखत तिच्या मुलीच्या उशाशी ठेवला आणि आम्ही दोघी थांबलो. पारा हळूहळू चढला.

मी तो बाहेर उजेडात आणून तिच्या डोळ्यांपुढे धरला. "पडवीत इथपर्यंत होता. पोरीच्या खोलीत इथे आहे. वर शेकडो अंश वाढले ते वाढू देत, वहिनी. तुमच्या खोलीत वाढलंय ते बघा."

जावेला तापमापक वाचता येतो. मुलं लहान असताना ताप बघायचं काम तिचंच असायचं, घरातल्या सगळ्यांचा. तिनं काच स्वतःच्या हातात घेतली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. जपमाळ तिनं पिशवीत घातली. मग म्हणाली, "आणि बाहेर आणली नि वरून ते आलं तर?"

हा प्रश्न रास्त होता, त्याचं उत्तर तिला द्यायलाच हवं होतं. वर्गात मी उष्णता आणि तापमान यांतला फरक दर वर्षी शिकवते आणि दर वर्षी निम्मी मुलं उलटं लिहितात. मी तिला म्हटलं, तुम्ही चूल पेटवता तेव्हा ठिणग्या उडतात, हातावर पडतात. ठिणगी उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. भाजतं का? चटका बसतो आणि विझते. तेच उकळत्या पाण्याचं एक भांडं हातावर पडलं तर? ठिणगी तापलेली खूप, पण तिच्यात आहे काय? एवढीशी तर असते. वरची ती हवा तशी आहे. आपल्यापासून शंभर किलोमीटर वर सुरू होते आणि तिथून पुढे शेकडो किलोमीटर पसरते. इतकी विरळ की आपण तिला हवा म्हणणारही नाही. सूर्याकडून आलेलं वादळ पृथ्वीच्या चुंबकत्वावर आपटतं, ध्रुवांकडच्या आकाशात विजेचे प्रवाह धावतात आणि गीझरमधली कॉइल पाणी तापवते तशी ती विरळ हवा तापते. तापली की दुधासारखी फुगून वर येते. तिथे फिरणारे उपग्रह तिला घासतात, त्यांचा वेग मोडतो, ते थोडे खाली उतरतात. काळजी करायची तर त्यांची. त्या सगळ्या खाली आपली जाड हवा आहे, ढग आहेत, मग कुठे आपली कौलं.

"म्हणजे भावजींच्या बोटीवरही," मी म्हणणार होते, आणि जीभ आवरली. बोटीवरच्या रेडिओलाही अशा वादळात त्रास होतो, हे आत्ता सांगायची गरज नव्हती.

जाऊ माझ्याकडे नव्हे, दाराकडे बघत होती. "हां," ती म्हणाली. मग आत गेली. मला गोधडीच्या दोऱ्या सुटल्याचा आवाज आला. एकाच खिडकीच्या. दुसरी तिनं तशीच ठेवली, ऊन तिकडून येतं म्हणून. मी वाद घातला नाही. जेवढं मिळालं तेवढं पुष्कळ होतं. लगेच पोरीला पडवीत आणून चटईवर बसवलं, पाठीशी दोन उशा दिल्या, पाय पाटावर ठेवले. जाऊ ओलं फडकं तिच्या मानेवर फिरवत राहिली. थोड्या वेळानं पोरगी म्हणाली, भूक लागलीय. नवऱ्यानं फणसाची परात तिच्यापुढे सरकवली. जाऊ ओरडली की ग्रहणात खायचं नसतं, आणि त्याच दमात म्हणाली की दोनच गरे खा, फणस बाधतो. पोरीनं किती खाल्ले ते आम्ही कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी लाईट आली तरी ती आत गेली नाही. पण जावेचं समाधान झालेलं नव्हतं, मला दिसत होतं. दिवा लावून ती माझ्याजवळ येऊन बसली. "सुटणार कधी हे?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. ग्रहणाला स्पर्श असतो तसा मोक्ष असतो. पंचांगात वेळ छापलेली असते, तेवढी वेळ भरली की आंघोळ करायची, गोधड्या धुवायच्या, शिळं पाणी ओतायचं आणि मोकळं व्हायचं. या ग्रहणाला मोक्षाची वेळच नव्हती. आंघोळ कुठल्या वेळी घालायची हे कळल्याशिवाय तिच्या लेखी पोरगी आतच होती, पडवीत बसली असली तरी. आणि पोरीच्याही लेखी. मगाशी ती दिवेलागणीला तुळशीपाशी जायला उठली आणि पडवीच्या पायरीशी येऊन थांबली होती, ते मी बघितलं होतं.

हे मला दिवसभर सुचलं नव्हतं. त्यांना ग्रहण नाही हे पटवायची गरज नव्हती. ते संपतं, एवढं दाखवायची होती.

मी फोन घेऊन बसले आणि शोधून शोधून वाचलं. वादळ अजून चालू होतं, उद्या उतरेल असा अंदाज होता. पण त्याहून उपयोगाची गोष्ट दुसरी सापडली, जी मलाही माहीत नव्हती. मी ती मोठ्यानं सांगितली, दोघींना ऐकू येईल अशी.

"वहिनी, हिला लहानपणी मलेरिया झाला होता. ताप उतरायचा तेव्हा काय व्हायचं?"

"घाम फुटायचा. गोधडी पिळावी लागायची," जाऊ म्हणाली. "मग अंग गार पडायचं. हात लावला तर भीती वाटावी इतकं."

"वरच्या हवेचं तसंच होतं."

मग मी सांगितलं. ती हवा तापली की तिच्यात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू वाढतो. तो वायू हवेतली उष्णता घेतो आणि बाहेर टाकतो. हाच तिचा घाम. जितकं मोठं वादळ, तितका हा वायू जास्त, तितका उतार झपाट्यानं. कधीकधी तर ती हवा वादळाआधी होती त्याहून गार पडते. वादळ ओसरलं की दुरुस्ती तिची ती करून घेते, आपल्याला काही करावं लागत नाही.

ताप उतरताना घाम येतो ही गोष्ट जावेच्या हातांना माहीत होती, त्यामुळे तिला दुसरा पुरावा नको होता. "मग घाम आला की आंघोळ," ती म्हणाली.

"सकाळी बघून सांगते," मी म्हटलं.

पोरगी उशीला टेकून हसली. तिच्या आईनं विचारलं, हसायला काय झालं. ती म्हणाली, "काही नाही. आता काकी आकाशाचा ताप बघणार." आणि पाय मुडपून बसली. जावेनं ते पाहिलं. तिनं पाठीमागची उशी नीट केली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी उजाडायच्या आत उठून फोन बघितला. वादळाला उतार लागला होता. पूर्ण संपलं नव्हतं, पण उतार होता, आणि मी जाऊन जावेला तेवढंच सांगितलं, जास्त नाही, कमी नाही. ती म्हणाली, उतार लागला म्हणजे मोक्षच. मी खळ्यातल्या चुलीवर पाणी ठेवलं. कोमट झाल्यावर जावेनं पोरीला आंघोळ घातली, नवीन मॅक्सी दिली, केस मोकळे सोडायला सांगितले. पोरगी एकटी तुळशीपाशी गेली आणि तिथून माझ्याकडे न येता पायवाटेनं माडांपर्यंत चालत गेली आणि परत आली.

तोवर मी स्लॅबच्या खोलीत जाऊन दुसऱ्या खिडकीची गोधडी सोडली, खिडकी उघडली, उशीचे अभ्रे काढले आणि सगळं विहिरीवर नेऊन साबणाच्या पाण्यात भिजत घातलं.